प्रश्न वाचकांचे: स्नायूतलं एक प्रथिन हरवतं तेव्हा बाकीच्यांचं काय होतं?

गेल्या अंकात मी ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर लिहिलं होतं. जन्मजात आजार, जवळजवळ नेहमी मुलग्यांना होणारा. डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन स्नायूत तयारच होत नाही आणि स्नायू वर्षागणिक झिजत जातात. त्यावर आलेली पत्रं बहुतेक आईवडिलांची आहेत, काही आजी-आजोबांची, एक विद्यार्थिनीचं. मी डॉक्टर नाही. बायोप्सीचे तुकडे गोठवणं, कापणं, त्यातली प्रथिनं तपासणं यात माझी नोकरी गेली. त्यामुळे औषधाचा डोस मला विचारू नका. स्नायूच्या आत काय घडतं, ते मात्र मी सांगू शकते.

ताई, तुम्ही लिहिलंत की या मुलांच्या स्नायूत प्रोटीन नसतं. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मेडिकलवाल्याने प्रोटीन पावडरचा डबा दिलाय. सासूबाई म्हणतात रोज चार अंडी दे. याने फरक पडेल का?
– एक आई, तासगाव तालुका

नाही पडणार, ताई. हे स्पष्ट सांगते, कारण हा प्रश्न चार पत्रांत आहे आणि त्या डब्यांपायी घराघरांतून पैसा जातोय.

अंडं, डाळ, दूध, पावडर यांतलं प्रथिन पोटात गेलं की पचतं, म्हणजे त्याचे अगदी बारीक तुकडे होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. शरीर त्यांतून आपल्याला हवी ती प्रथिनं नव्याने जुळवतं. तुमच्या मुलाकडे हा कच्चा माल पुरेसा आहे. नाही ती एका प्रथिनाची लिखित सूचना. ती एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असते, आणि तिथेच ती तुटलेली आहे. कच्चा माल दुप्पट दिला म्हणून तुटलेली सूचना वाचता येत नाही.

मुलाला नेहमीचं जेवण द्या: भाकरी, डाळ, भाजी, दूध, अंडं. या आजारात देतात ते स्टेरॉइड चालू असेल तर भूक वाढते, वजन वाढतं, हाडं ठिसूळ होतात. वाढलेलं प्रत्येक किलो त्याच्या कमजोर मांड्यांनाच उचलायचं असतं. म्हणून गोड पावडरी टाळा आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. वजनाला घाबरून स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

सासूबाईंना सांगा, अंडं द्यायला हरकत काहीच नाही. पण ते औषध म्हणून देऊ नका, आणि चार नकोत.

नातू सहा वर्षांचा. जिना चढताना कठड्याला लोंबकळतो, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकतो. पण पोटऱ्या इतक्या भरदार आहेत की गावातले म्हणतात, पोरगं तालमीत घाला. स्नायू कमजोर असेल तर तो मोठा कसा?
– एक आजोबा, कागल

आजोबा, तुम्ही दोन्ही लक्षणं नेमकी टिपलीत. मांडीवर हात टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उठणं हे विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली लिहून ठेवलं आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मोठ्या दिसणाऱ्या पोटरीवर त्याआधी, १८६८ साली, पॅरिसच्या ड्युशेन यांनी लिहिलं. जिवंत रुग्णाच्या स्नायूतून छोटा तुकडा काढता यावा म्हणून त्यांनी खास सुई बनवून घेतली होती. त्यामुळे त्यांना पोटरीच्या आत पाहता आलं, आणि तिथे त्यांना स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊतक वाढलेलं दिसलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर पोटरीचा घेर वाढतो तेव्हा तिच्यातल्या प्रथिनांचं प्रमाणच बदललेलं असतं. निरोगी स्नायूत मायोसिन आणि अॅक्टिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनांचं राज्य असतं. आजारी स्नायूत तंतू तुटतात, भरून येतात, पुन्हा तुटतात. भरून येणं हळूहळू कमी पडू लागतं आणि रिकाम्या जागेत कोलॅजन साचतं. कोलॅजनला आकुंचन पावता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत काही तंतू खरोखरच फुगलेले असतात, पण पुढे आकार तसाच राहून आतला ऐवज बदलतो.

तालमीत मात्र घालू नका. उड्या, बैठका, जिना उतरण्याचे व्यायाम यांत स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि डिस्ट्रोफिन नसलेल्या तंतूचं पापुद्र्यासारखं आवरण तेव्हाच सर्वाधिक फाटतं. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं ताणणं आणि पाण्यातले हलके व्यायाम चालतात. आणि अजून दाखवलं नसेल तर नातवाला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. सीपीके ही साधी रक्ततपासणी तालुक्याच्या गावीही होते.

आमच्या मुलाचं एसजीपीटी जास्त आलं म्हणून दीड वर्ष लिव्हरचं औषध चालू होतं. पथ्य पाळलं, तेल-तूप बंद केलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सीपीके करायला लावलं, ते चौदा हजार निघालं. लिव्हरचा या आजाराशी संबंध काय?
– एक वडील, जालना

संबंध लिव्हरचा नाहीच, स्नायूचा आहे. तुमचं दीड वर्ष फुकट गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइमं यकृतात असतात तशीच स्नायूतही असतात. स्नायूतंतूचं आवरण फाटलं की आतली विरघळणारी प्रथिनं रक्तात गळतात. सीपीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, हे त्यातलं सर्वांत ठळक. ते दोनशेच्या आत असायला हवं तिथे या मुलांत हजारांत जातं. त्याच्याबरोबर मायोग्लोबिन, कार्बोनिक अॅनहायड्रेज ३ आणि ही दोन ‘लिव्हरची’ एन्झाइमंही बाहेर पडतात. उलट जीजीटी हे एन्झाइम स्नायूतून येत नाही. त्यामुळे एसजीपीटी वाढलेलं, जीजीटी नॉर्मल आणि मूल उशिरा चालायला लागलेलं असेल तर सीपीके केलाच पाहिजे. ही तपासणी काहीशे रुपयांची आहे. हे वाक्य कापून एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर ठेवलंत तरी मला आनंदच होईल.

आणखी एक. मूल मोठं होतं तसा सीपीकेचा आकडा खाली येतो. घरच्यांना वाटतं, उतार पडला. गळायला स्नायूच कमी उरलेला असतो म्हणून आकडा उतरतो. त्यामुळे आजार किती पुढे गेला हे एकट्या सीपीकेवरून ठरवता येत नाही आणि संशोधक रक्तातली-लघवीतली दुसरी प्रथिनं शोधत असतात. टायटिन हे माणसाच्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन. त्याचे तुटलेले तुकडे या मुलांच्या लघवीत सापडतात, ते मोजण्याची चाचणी जपानमध्ये तयार झाली. सुई न टोचता काही कळणार असेल तर त्याची किंमत लहान मुलाच्या आईलाच विचारावी.

मी बीएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजाराचं कारण एक प्रथिन नसणं हे जर माहीत आहे, तर डिस्ट्रॉफीच्या स्नायूतली हजारो प्रथिनं का मोजतात? आणि कशी मोजतात?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

तुझ्या प्रश्नाने मला फार बरं वाटलं, कारण माझ्या सगळ्या कामाचा गाभा याच्यातच आहे. उत्तर लांबेल.

आधी डिस्ट्रोफिन. बोस्टनमध्ये लुई कंकेल यांच्या गटाने जनुकाचा माग काढला आणि १९८७ साली एरिक हॉफमन यांनी त्यांच्याबरोबर प्रथिन दाखवून दिलं. वजन ४२७ किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजण्याचं माप), लांबी ३६८५ अमिनो आम्लं. स्नायूच्या एकूण प्रथिनांत त्याचा वाटा जेमतेम ०.००२ टक्के. इतकं थोडं प्रथिन नसल्याने एवढा मोठा स्नायू कसा कोसळतो, हाच खरा प्रश्न होता.

त्याचं काम समजून घे. स्नायूतंतूच्या आत अॅक्टिनचा सांगाडा आणि बाहेर लॅमिनिनचं आवरण, यांच्यामध्ये पेशीचा पातळ पडदा. गोधडीत वरचं आणि खालचं लुगडं टाक्यांनी बांधलेलं असतं तसं डिस्ट्रोफिन आतलं आणि बाहेरचं बांधून ठेवतं. पण हा टाका एका दोऱ्याचा नाही. आयोवात केविन कॅम्पबेल यांच्या गटाने दाखवलं की डिस्ट्रोफिनबरोबर प्रथिनांचा एक अख्खा जथा बसतो: डिस्ट्रोग्लायकन, चार सारकोग्लायकन, सिन्ट्रोफिन वगैरे. आणि डिस्ट्रोफिन नसेल तर यांची जनुकं शाबूत असूनही ही सगळी पडद्यावरून ओसरतात. १९९१ साली ओलेन्डीक आणि कॅम्पबेल या संशोधकांनी हे एमडीएक्स उंदरात, म्हणजे डिस्ट्रोफिन नसलेल्या उंदरांच्या जातीत, मोजून दाखवलं. म्हणजे पहिल्याच पायरीवर एकाच्या जागी अनेक प्रथिनं गेली.

पुढची पायरी कॅल्शियमची. पडदा फाटला की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. आत ते धरून ठेवायला कॅल्सेक्वेस्ट्रिन असतं, उंदरात पार्व्हाल्ब्युमिनही. आजारी स्नायूत नेमकी हीच कमी झालेली आढळतात. मोकळं कॅल्शियम प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना जागं करतं. मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जेची एन्झाइमं घटतात. दुसऱ्या बाजूला स्नायू धडपडतही असतो. पडदा सांधणारी अॅनेक्सिनं वाढतात, बिघडलेल्या प्रथिनांना सावरणारी हीट शॉक प्रथिनं वाढतात, डेस्मिन आणि व्हिमेन्टिन वाढून सांगाड्याला टेकू देऊ पाहतात. आणि शेवटी बाहेरून कोलॅजन, पेरिओस्टिन, फायब्रोनेक्टिन साचत जातं. कोणतं प्रथिन घटलं ही नासाडी, कोणतं वाढलं ही कधी मदत, कधी अडथळा. नव्या औषधाची जागा या यादीतूनच सापडते, कारण जनुक बदलणं कठीण असलं तरी साठणारं कोलॅजन रोखणं किंवा जळजळ कमी करणं त्यामानाने आवाक्यातलं आहे. स्टेरॉइडं तेच करतात. २०२४ साली अमेरिकेत मंजूर झालेलं गिव्हिनोस्टॅटही डिस्ट्रोफिन परत आणत नाही, ते या नंतरच्या पडझडीवर काम करतं.

आता मोजतात कसं. गोठलेला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये खलात कुटून त्याची पूड करायची. प्रथिनं विरघळवणारं द्रावण आणि प्रथिनं कापणारी एन्झाइमं थांबवणारी रसायनं घालायची, नाहीतर तुझ्यासमोरच नमुना स्वतःला खातो. मग ट्रिप्सिनने प्रथिनांचे ठरावीक ठिकाणी तुकडे करून ते मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे. यंत्र प्रत्येक तुकड्याचं वजन घेतं, त्याला फोडून पुन्हा वजन घेतं आणि संगणक सांगतो हा तुकडा कोणाचा. पूर्वी सपाट जेलवर प्रथिनं दोन दिशांनी पसरवून ठिपके मोजत. आयर्लंडमध्ये मेनूथला ओलेन्डीक यांच्या प्रयोगशाळेने एमडीएक्स उंदरांच्या स्नायूंवर असं पुष्कळ काम केलं. मात्र त्या जेलवर डिस्ट्रोफिन स्वतः दिसतच नसे. ते फार मोठं, फार विरळ, आणि पडद्याला चिकटलेलं.

आणि एक सावधगिरी आत्ताच मनात ठेव, कारण छापील लेखांतही तिचा विसर पडतो. आजारी तुकड्यात कोलॅजन दसपट दिसलं म्हणजे प्रत्येक पेशी दसपट कोलॅजन बनवते असं नव्हे. त्या तुकड्यात स्नायूच कमी उरलाय, मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी आणि चरबीच्या पेशी आल्यात, म्हणून प्रमाण बदललं असू शकतं. यासाठी त्याच तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय यंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. तुलनेचा निरोगी नमुना त्याच स्नायूचा आणि त्याच वयाचा हवा. सहा वर्षांच्या निरोगी मुलाचा मांडीचा स्नायू कुणी सहज देत नाही. हाडाच्या ऑपरेशनच्या वेळी पालकांच्या परवानगीने मिळतो तेवढाच. उंदरांवर इतकं काम होतं त्याचं हेही कारण. एमडीएक्स उंदीर १९८४ साली सापडला, पण तो चालतो, खेळतो आणि बऱ्यापैकी जगतो. माणसाच्या आजाराशी जुळणारं चित्र त्याच्या पायात कमी आणि श्वासपटलात जास्त दिसतं. तू पुढे या विषयात आलीस तर उंदराच्या पायावर थांबू नकोस, श्वासपटल मागून घे.

माझा भाऊ एकवीस वर्षांचा आहे. हात उचलत नाही, मान एका बाजूला कलते. पण डोळे आजही अगदी पहिल्यासारखे फिरतात. डोळ्यांचे स्नायू वेगळे असतात का?
– एक बहीण, डोंबिवली

हो, वेगळे असतात, आणि तुमच्या भावाच्या डोळ्यांनी संशोधकांना बरंच शिकवलंय. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंतही डिस्ट्रोफिन नसतंच, तरी ते शेवटपर्यंत टिकतात. ते तंतू बारीक असतात, कॅल्शियम सांभाळण्याची त्यांची क्षमता अधिक असते आणि तिथे युट्रोफिन नावाचं डिस्ट्रोफिनचं भावंड जास्त प्रमाणात आढळतं. युट्रोफिन गर्भात सगळ्या स्नायूंच्या पडद्यावर असतं, जन्मानंतर ओसरून मुख्यतः नस स्नायूला मिळते तिथे उरतं. ऑक्सफर्डच्या के डेव्हिस यांनी १९८९ साली ते शोधलं. ते पुन्हा वाढवता आलं तर, या आशेवर इझुट्रोमिड नावाचं औषध रुग्णांपर्यंत गेलं, पण उपयोग न दिसल्याने २०१८ साली थांबवावं लागलं. वाट बंद झालेली नाही, ते औषध चाललं नाही एवढंच.

डोळे फिरतात म्हणजे डोळ्यांनी चालणारा संगणकाचा पडदा भावाला वापरता येईल. त्याची चौकशी जरूर करा. आणि मान कलत असेल तर श्वासाची आणि हृदयाची तपासणी वेळच्या वेळी होतेय ना, ते पाहा. रात्री झोपमोड, सकाळी डोकेदुखी ही श्वास कमी पडण्याची लक्षणं असू शकतात.

डीएनए रिपोर्टमध्ये ५० नंबरचा एक्झॉन (जनुकाचा एक भाग) नाही असं आलंय. निदान झालं. आता एका संशोधनासाठी मांडीचा छोटा तुकडा मागतायत. द्यावा का? मुलाला त्रास होईल का?
– आईवडील, चिपळूण

निदानासाठी आता बायोप्सीची गरज नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच. बहुतेक मुलांत जनुकाचा तुटलेला किंवा दुप्पट झालेला भाग रक्तातूनच सापडतो. बायोप्सी लागते ती रिपोर्ट कोड्यात टाकणारा असेल तेव्हा, किंवा आजार कंबर-खांद्याच्या दुसऱ्या एखाद्या प्रकारचा वाटत असेल तेव्हा. त्या दुसऱ्या प्रकारांत प्रथिनाची तपासणीही फसवू शकते. कॅल्पेन ३ हे प्रथिन तुकडा नीट गोठवला नाही तर स्वतःलाच कापून संपवतं आणि खोटा ‘नाही’ दाखवतं. तिथे जनुकाची तपासणीच पक्की. आपल्याकडे अगरवाल समाजात या जनुकाचे ठरावीक दोष पिढ्यानपिढ्या आलेले आहेत, हे मुंबईच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २०१३ साली मांडलं.

संशोधनाला द्यायचा की नाही, हा निर्णय पूर्णपणे तुमचा. नाही म्हणालात तरी मुलाच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हो म्हणण्याआधी विचारा: तुकडा कुठे साठवणार, किती वर्षं, निष्कर्ष आम्हाला कळणार का. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा. सक्सिनिलकोलिनसारखी काही औषधं या मुलांना चालत नाहीत आणि ते त्यांना आधी माहीत असावं लागतं. पुष्कळदा जागा बधिर करूनच काम होतं. चार-पाच दिवस दुखतं.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगते, ती तुम्हाला नाही, तुकडा काढणाऱ्यांना आहे. अर्धा सेंटीमीटरचा तो तुकडा सलाईनने किंचित ओलावलेल्या गॉजमध्ये, बर्फाच्या डब्यात, लगेच यायला हवा. आल्यावर आम्ही तो बुचाच्या चकतीवर डिंकाने उभा करतो, तंतू उभे राहतील असा. मग द्रव नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेन्टेनमध्ये, उणे दीडशे अंशांच्या आसपास, चिमट्याने धरून काही सेकंद बुडवतो. सेकंदांत गोठला तर पाण्याचे स्फटिक होत नाहीत. साध्या फ्रीजरमध्ये टाकला तर प्रत्येक तंतूला भोकं पडतात. एका गावाहून एका मुलाचा तुकडा सलाईनच्या बाटलीत तरंगत, रात्रभराच्या एसटीने आला होता. दुसऱ्याचा फॉर्मेलिनमध्ये, ज्यातून आम्हाला हवी तशी प्रथिनांची तपासणी करता येत नाही. दोन्ही मुलांना पुन्हा टोचावं लागलं. त्या आयांचे चेहरे मला आजही दिसतात.

तुकडा नीट गोठला तर त्यातून किती कळतं! काप घेऊन डिस्ट्रोफिनच्या तीन वेगवेगळ्या भागांना चिकटणारी तीन अँटिबॉडी लावतो. निरोगी स्नायूत प्रत्येक तंतूभोवती चमकती अखंड कड दिसते. ड्युशेनमध्ये सगळं अंधारं, आणि त्या अंधारात कधी एखाद-दुसऱ्या तंतूची कड लखलखते. त्या तंतूने जनुकातला तुटका भाग आपल्याआप ओलांडून वाचलेला असतो. काप खराब म्हणून अंधार नाही ना, याची खात्री करायला शेजारच्या कापावर स्पेक्ट्रिन या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लावतो. ती सगळीकडे चमकलीच पाहिजे. हे न पाहता दिलेल्या ‘डिस्ट्रोफिन नाही’ या रिपोर्टवर माझा विश्वास नाही.

अमेरिकेतल्या औषधाने डिस्ट्रोफिन तयार होतं असं वाचलं. नातेवाईक म्हणतात ऑनलाइन पैसे जमवू. किती प्रोटीन तयार झालं तर मूल बरं होईल?
– एक काका, पुणे

काका, ‘तयार होतं’ आणि ‘पुरेसं होतं’ यांत अंतर आहे आणि ते अंतर मोजायला शिकणं हीच माझ्या क्षेत्रातली सर्वांत मोठी लढाई.

वरच्या चिपळूणच्या मुलाचंच उदाहरण घ्या. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जातात. ५० नंबरच्या एक्झॉनमध्ये १०९ अक्षरं. १०९ला तीनने भाग जात नाही, म्हणून तो गेला की पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि प्रथिन अर्ध्यावर थांबतं. ५१मध्ये २३३. दोन्ही मिळून ३४२, तीनने पूर्ण भाग जाणारी संख्या. म्हणजे ५१ही वगळला तर वाचन पुन्हा रुळावर येतं, प्रथिन थोडं आखूड पण कामाचं बनतं. इटेप्लिर्सेन हे औषध ५१ वगळायला लावतं. २०१६ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली तेव्हा १२ मुलांच्या तुकड्यांत डिस्ट्रोफिन सरासरी ०.१६ टक्क्यांवरून ४८ आठवड्यांनी ०.४४ टक्क्यांवर गेलेलं होतं. निरोगी स्नायू म्हणजे १०० टक्के. यावर तिथल्या तज्ज्ञांतच मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. दुसऱ्या टोकाला पाहा: ज्यांच्या स्नायूत सुमारे ३० टक्के डिस्ट्रोफिन असतं अशा काही माणसांना हातापायांची कमजोरी येत नाही.

जीन थेरपीची गोष्ट १९९० सालच्या एका इंग्रज रुग्णापासून सुरू होते. त्याच्या डिस्ट्रोफिनचा ४६ टक्के भाग गायब होता, तरी तो एकसष्टाव्या वर्षी चालत होता. म्हणजे मधला बराच भाग नसला तरी चालतं. ज्या विषाणूतून जनुक पाठवतात त्यात पूर्ण डिस्ट्रोफिन मावत नाही, म्हणून १३८ किलोडाल्टनचं आखूड मायक्रो-डिस्ट्रोफिन बनवलं गेलं. एलेव्हिडिस या नावाने त्याला २०२३ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर. स्नायूत प्रथिन दिसतं, हे खरं. पण मोठ्या चाचणीत उठण्या-चालण्याच्या मुख्य मोजमापात प्लासिबोच्या (औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या डोसाच्या) तुलनेत ठोस फरक सिद्ध झाला नाही, आणि २०२५ साली व्हीलचेअरवरच्या दोन किशोरवयीन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. आखूड प्रथिनात रक्तपुरवठा सांभाळणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या एन्झाइमला धरणारी जागाही नसते.

माझं मत विचाराल तर पैसे जमवण्याआधी मुलाचा डीएनए रिपोर्ट घेऊन न्यूरोमस्क्युलर तज्ज्ञाला भेटा. ८ किंवा ९ नंबरचा एक्झॉन गेलेला असेल तर एलेव्हिडिस देताच येत नाही. विषाणूविरुद्ध अँटिबॉडी आधीच असतील तरीही नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. तिथे नाव नोंदवा. पुढे एखादी चाचणी आली तर त्या नोंदीचा उपयोग होऊ शकतो.

माझा भाऊ ड्युशेनचा आहे. माझं लग्न ठरतंय. माझा सीपीके नॉर्मल आला. म्हणजे मी वाहक नाही ना?
– एक वाचक, अहिल्यानगर

असं म्हणता येत नाही. पुष्कळ वाहक स्त्रियांचा, म्हणजे दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर दोष असलेल्यांचा, सीपीके नॉर्मल असतो, कारण त्यांच्या स्नायूत निम्म्याच्या आसपास पेशी चांगलं जनुक वाचतात आणि बाकीच्यांना सांभाळून घेतात. साधारण एक तृतीयांश मुलांत दोष नव्यानेच झालेला असतो, आईतही नसतो. पण आईच्या रक्तात दोष सापडला नाही तरी तो तिच्या बीजपेशींत असू शकतो. म्हणून तुमची स्वतःची डीएनए तपासणी करा, आणि ती भावाच्या रिपोर्टमधला नेमका दोष समोर ठेवूनच व्हायला हवी. वाहक निघालात तरी लग्नाला, मुलांना आडकाठी नाही. गर्भारपणातल्या तपासणीबद्दल आनुवंशिकता समुपदेशक नीट समजावतील. मात्र हृदयाचा इको दर काही वर्षांनी करायचा, कारण वाहकांच्या हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो.

जाताना भावाच्या रिपोर्टची झेरॉक्स न्या, मूळ प्रत घरीच ठेवा.